पोटमाळ्यावरचा पीसी, गठ्ठ्यातली मासिकं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात छापील संगणक मासिकांच्या ओसरत्या काळावर लेख होता. 'बाइट' १९७५ मध्ये सुरू झालं आणि १९९८ मध्ये छापायचं थांबलं. 'पीसी मॅगझिन'चा छापील अंक जानेवारी २००९ नंतर निघाला नाही, 'पीसी वर्ल्ड'चा २०१३ मध्ये संपला, आणि 'मॅक्सिमम पीसी' व 'मॅकलाइफ' यांनी एप्रिल २०२३ चा अंक शेवटचा छापला. त्यावर नाशिक आणि आसपासहून आलेल्या पत्रांत हळहळ आहेच, पण बहुतेकांना विचारायचं आहे ते हे : घरात जे उरलंय त्याचं करायचं काय?

सगळ्यांसाठी एक क्रम आधीच सांगून ठेवतो. पहिल्यांदा फ्लॉपी आणि घरी राइट केलेल्या सीडी, मग मासिकांसोबत आलेल्या सीडी, त्यानंतर कागद, आणि सर्वांत शेवटी यंत्र. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात, कारण यंत्र डोळ्यांत भरतं. पण यंत्र दुसरं मिळू शकतं. फ्लॉपीवरची एखाद्याची टिपणं मिळत नाहीत.

प्रश्न : १९९६ ते २००९ या काळातले संगणक मासिकांचे दीडेकशे अंक पोटमाळ्यावर आहेत. यंदा स्लॅब गळून दोन गठ्ठे भिजले, पानं एकमेकांना चिकटली. इतर अंकांना कसर लागली आहे. काय वाचेल? सगळं स्कॅन करावं का? (वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ही मासिकं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो भिजला की मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला घट्ट धरतो. म्हणून भिजलेल्या गठ्ठ्याला पहिले ४८ तास महत्त्वाचे. अंक अजून ओले असतील तर उन्हात मुळीच टाकू नका. एकेक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे वेळ हातात राहतो. मग एका वेळी एकच अंक बाहेर काढा, पूर्ण वाळायच्या आत पानं सावकाश सोडवा, मध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याखाली वाळवा. बटर पेपर दर दोन-तीन तासांनी बदला. अंक आधीच वाळून वीट झाले असतील तर चाकू, वाफ, पाणी असले प्रयोग नकोत. लेपासकट शाई निघून येते. असा अंक तसाच ठेवा आणि तोच अंक दुसरीकडे मिळतो का पाहा.

कसरीसाठी अंक पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं. कडुनिंबाचा पाला कोरडा असला तरी कागदावर डाग पाडतो. डांबराच्या गोळ्यांचा एक तोटा आहे, तो फार जणांना ठाऊक नसतो : त्यांची वाफ सीडीच्या कडक पारदर्शक डब्यांच्या प्लॅस्टिकला खाते. मासिकं आणि सीडी एकाच कपाटात असतील तर गोळ्या ठेवूच नका.

पिना गंजल्या असतील तर त्या काढून टाका. गंज पसरत जातो आणि मधली पानं सुटी होतात. पिनांच्या त्याच भोकांतून सुती दोरा ओवला की काम झालं.

आता स्कॅनिंग. मधोमध पिना असलेला अंक पिना काढल्यावर सपाट होतो. मात्र एकेका तावावर लांबची पानं जोडीला येतात : १०० पानी अंकात पहिल्या तावाच्या एका बाजूला १ आणि १००, दुसऱ्या बाजूला २ आणि ९९. फाइलींना नावं पानांच्या क्रमांकानेच द्या. पाठीला डिंक लावून बांधलेला अंक स्कॅनरवर दाबला तर पाठ फुटते. त्यासाठी स्टँडला लावलेला मोबाइल बरा. १२ मेगापिक्सेलचा फोटो ए-४ पानाला भरून घेतला तर इंचाला सुमारे ३४० ठिपके मिळतात, मजकुराला ते पुरेत. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून दिवे लावा, छतावरचा दिवा बंद करा. पानामागे काळा कार्डपेपर ठेवला की पाठच्या पानावरचं छापील दिसत नाही.

चित्रांवर जाळीसारखे पट्टे उमटतात ते छपाईच्या ठिपक्यांमुळे. ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) स्कॅन करून नंतर २०० ला आणा, बहुतेक पट्टे जातात. जागेचा हिशेब आधी करा : ए-४ रंगीत पान ३०० डीपीआयला, न दाबता, सुमारे २६ एमबी होतं. ११६ पानांचा एक अंक म्हणजे ३ जीबी. दीडशे अंक असे साठवायला साडेचारशे जीबी लागतील.

सगळे अंक स्कॅन करायची गरज नाही. जगभर गाजलेल्या इंग्रजी मासिकांचे अंक इतरांनी कधीच करून ठेवले आहेत. भारतातल्या अंकांना, त्यातही मराठी मजकुराला, पहिला मान द्या. आणि कृपा करून जाहिरातींची पानं वगळू नका. त्या वेळी एक मेगाबाइट रॅमला काय पडत होतं, कोणत्या शहरात कोण असेंबल करून देत होतं, हे लेखांत सापडत नाही. ते मागच्या पानांवरच्या छोट्या चौकटींत आहे.

स्कॅन स्वतःच्या वापरासाठी ठेवा. प्रकाशकाच्या परवानगीशिवाय सर्वांसाठी खुले करू नका; आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, आणि यातले बहुतेक लेखक हयात आहेत.

प्रश्न : मासिकांसोबतच्या सत्तर-ऐंशी सीडी आहेत. काही लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये उघडतात, काही फिरत राहतात. उघडल्या तरी प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालत नाहीत. (विद्यार्थी, कॉलेज रोड)

उत्तर : मासिकाची सीडी कारखान्यात ठसा मारून काढलेली असते. घरी राइट केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो उजेडाने आणि उष्म्याने विटतो. ठशाच्या सीडीला हा रोग नाही. तिचा शत्रू ओरखडा, आणि तोही वरच्या, चित्राच्या बाजूचा. माहिती वाचून देणारा ॲल्युमिनियमचा थर त्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिश करून जातो. वरून थर निघाला तर तेवढी माहिती गेली. सीडी उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर ती आधी कॉपी करायला घ्या.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा माहितीच्या ओळीला लागून जातो आणि ड्राइव्हला तो सावरता येत नाही. आडवा गेला तर सावरता येतो. मुखपृष्ठावर चिकटवताना लावलेला रबरासारखा डिंक बोटाने गोळ्या करत काढा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की सीडी धुरकट होते. मऊ पीव्हीसी पाकिटांतून सगळ्या सीडी बाहेर काढा, ती पाकिटं कालांतराने चिकट होतात. कागदी पाकीट चालेल.

मधल्या भोकापाशी तडा आहे का ते बघा. ५२ एक्स ड्राइव्ह सीडीला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतो. तडा गेलेली सीडी त्यात फुटते आणि ड्राइव्हही जातो. तडा बारीक असेल आणि कॉपी करायचीच असेल तर वेग ४ एक्सवर बांधा.

कॉपी म्हणजे फाइली ओढून घेणं नव्हे, पूर्ण सीडीची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं साधन वापरा, सेक्टर (एका वेळी वाचायचा तुकडा) २०४८ बाइटचा ठरवा. पहिल्या फेरीत पुन्हा प्रयत्न करायला लावू नका. जे सहज येतं ते आधी घ्या. न वाचलेल्या जागांची नोंद तो वेगळ्या फाइलीत ठेवतो. मग तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच नोंद पुढे चालू द्या. एका ड्राइव्हला न वाचता येणारा सेक्टर दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा सहज वाचतो. म्हणून जुना डीव्हीडी रायटर भंगारात देऊ नका, दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे जवळ असू द्या. गाणी आणि डेटा एकत्र असलेल्या गेमच्या सीडीला आयएसओ पुरत नाही, त्यात फक्त डेटाचा भाग येतो. तिथे बिन आणि क्यू अशा दोन फाइलींची जोडी बनवा.

प्रोग्रॅम का चालत नाहीत? तेव्हाचे पुष्कळसे प्रोग्रॅम १६-बिट होते, आणि ६४-बिट विंडोजमध्ये ते चालवणारा भागच नाही. अनेकदा प्रोग्रॅम ३२-बिट असतो पण त्याचा सेटअप १६-बिट, म्हणून सुरुवातच होत नाही. डॉसच्या गोष्टींना डॉसबॉक्स पुरतं. विंडोज ९५-९८ च्या गोष्टींना ८६बॉक्ससारखं अख्खं जुनं यंत्र उभं करणारं सॉफ्टवेअर लागतं. त्यात विंडोज ९८ टाका आणि आयएसओ जोडा. त्याला इंटरनेट देऊ नका. प्रत्येक आयएसओ आजच्या अँटिव्हायरसने तपासून घ्या : २६ एप्रिल १९९९ ला ज्याने जगभर डिस्क पुसल्या तो सीआयएच व्हायरस याच काळातला.

प्रश्न : मासिकं बंद पडली ती फक्त इंटरनेटमुळे का? लेख तर तिथेही वाचावेच लागतात. (निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड)

उत्तर : इंटरनेट हे खरं, पण त्याने मासिकाचे तीन पाय एकेक करून काढले. ते वेगवेगळे पाहिले तर चित्र स्पष्ट होतं.

पहिला पाय सीडीचा. ५६ के मोडेमला प्रत्यक्षात ४५ किलोबिटचा वेग मिळाला तर ६५० एमबीची सीडी उतरवायला साडेतेहेतीस तास लागत, तेही लाइन एकदाही न तुटता. 'पीसीक्वेस्ट' या भारतीय मासिकाने लिनक्स सीडीवर दिलं तेव्हा घरी लिनक्स आणायचा तोच व्यवहार्य रस्ता होता. २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएस ही ब्रॉडबँडची किमान व्याख्या ठरवली. त्या वेगाला तीच सीडी सहा तासांत, म्हणजे रात्रीत उतरते. आजच्या ५० एमबीपीएस जोडणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. सीडीसाठी अंक घेणारा वाचक गेला.

दुसरा पाय वेळेचा. लेख लिहिणं, यंत्र तपासणं, मांडणी, छपाई, टपाल यांत दोन-तीन महिने जात. प्रोसेसरच्या किमती महिन्यामहिन्याला बदलत असताना छापलेला भाव अंक हातात येईपर्यंत शिळा.

तिसरा पाय जाहिरातीचा, आणि सगळा भार त्याच्यावर होता. मुखपृष्ठावरच्या किमतीत कागद आणि छपाईही निघत नसे. सुट्या भागांचे विक्रेते, प्रशिक्षण वर्ग, मोडेम विकणारे हे जाहिरात देत, कारण गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा दुसरा मार्ग नव्हता. मार्ग मिळाल्यावर जाहिरात गेली, पानं कमी झाली, अंक पातळ झाला, पातळ अंक कोणी घेईना.

जे गेलं त्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती प्रयोगशाळा. वीस प्रिंटर एकाच खोलीत, एकाच कागदावर, एकच पत्र छापून ताडून पाहायचे, शाईचा दर पानाला काढायचा, आणि तक्ता छापायचा. तक्त्यात चूक झाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागे, कारण आधीचं पुसता येत नसे. एका माणसाने एकच यंत्र आठवडाभर वापरून सांगितलेलं मत त्या तक्त्याची जागा घेत नाही.

प्रश्न : ऐंशीच्या दशकातल्या मासिकातला बेसिक प्रोग्रॅम मुलीबरोबर टाइप केला. कधी 'सिंटॅक्स एरर', कधी 'आउट ऑफ डेटा', आणि चाललाच तर गेम डोळ्यांना दिसण्याआधी संपतो. (पालक, सिडको)

उत्तर : आधी तो प्रोग्रॅम कोणत्या बेसिकचा आहे ते ओळखा. 'प्रोक' आणि 'मोड' हे शब्द दिसले तर तो बहुधा बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकाचा आहे, जो १९८४ च्या 'क्लास' या संगणक-शिक्षण योजनेतून आपल्या शाळांत आला होता. तो पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये चालणार नाही, बीबीसीचं एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, घ्या. 'स्क्रीन', 'लोकेट', 'डेफ सेग' असे शब्द असतील तर पीसीचा. त्यासाठी पीसी-बेसिक हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे.

सिंटॅक्स एररची कारणं ठरलेली : शून्याच्या जागी ओ, एकच्या जागी स्मॉल एल, अर्धविरामाच्या जागी कोलन. छपाईत ही अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात. भिंगाने पाहा आणि एकाने वाचावं, दुसऱ्याने पडद्यावर ताडावं. 'आउट ऑफ डेटा'मध्ये दाखवलेल्या ओळीत चूक नसते. ती ओळ फक्त आकडे मागणारी असते. आकडा कुठल्या तरी 'डेटा' ओळीत गळलेला असतो, किंवा स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम पडून दोन आकड्यांचा एक झालेला असतो. प्रत्येक 'डेटा' ओळीतले आकडे मोजा आणि छापील ओळीशी जुळवा. 'इल्लीगल फंक्शन कॉल' बहुतेक वेळा चित्राच्या ओळीवर येतो. तो प्रोग्रॅम सीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी आहे, म्हणून सेटिंगमध्ये सीजीए निवडा.

वेगाचं कारण असं की थांबण्यासाठी तेव्हा रिकामी 'फॉर-नेक्स्ट' चक्रं फिरवत, आणि त्यांची संख्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर बसवलेली असे. डॉसबॉक्समध्ये जीडब्ल्यू-बेसिक चालवत असाल तर सायकल्स (वेगाचं सेटिंग) ३०० च्या आसपास ठेवा.

साठवताना नावापुढे स्वल्पविराम आणि ए लिहा. त्याशिवाय फाइल सांकेतिक रूपात जाते आणि नोटपॅडमध्ये उघडली तर वाचता येत नाही. मुलीला कुतूहल असेल तर एक गोष्ट नक्की दाखवा : जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ सोर्स कोड मायक्रोसॉफ्टने मे २०२० मध्ये सर्वांसाठी खुला केला आहे.

प्रश्न : १९९४ चा ४८६ संगणक वीस वर्षं बंद आहे. प्लग लावून पाहू का? (वाचक, नाशिकरोड)

उत्तर : थेट लावू नका. हा क्रम पाळा.

कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवर, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली पिंपासारखी बॅटरी शोधा. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. या काळात ती गळालेली असतेच असं समजा. कटरने तोडून काढा. हिरवट-पांढरा थर अल्कलीचा आहे, म्हणून पांढरा व्हिनेगर कॉटन बडने लावा, पाच मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. नंतर मल्टिमीटरने कीबोर्डकडे जाणाऱ्या रेघा तपासा, सगळ्यांत आधी त्याच कुरतडल्या जातात. बॅटरीच्या जागी साधा नाण्यासारखा सेल जोडू नका : बोर्ड त्याला चार्ज करू पाहतो आणि सेल फुगतो. बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते, ती वापरा आणि जम्पर बदला. ती जागा नसेल तर मध्ये डायोड हवा.

मग एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. मागच्या बाजूचा लाल सरकता स्विच २३० वर आहे ना ते बघा. ११५ वर असेल तर तो पहिल्याच क्षणी उडतो. एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवा. लाल आणि काळ्या तारेत १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा, कारण हे जुने एसएमपीएस रिकामे धडपणे चालू होत नाहीत. वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड (यात वीज बल्बमधून पुढे जाते) घ्या, त्यात १०० वॉटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. ठीक असेल तर लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५ आणि पिवळ्या-काळ्यात ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. जळका धूर आणि तीव्र वास आला तर तो बहुधा मेन्सजवळच्या कागदी कपॅसिटरचा, बदलून मिळतो.

या पिढीच्या कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टच्या तारा आलेल्या असतात, हे विसरू नका. त्यांच्या टोकांवरची टोपी सुटलेली असेल तर आधी ती बसवा.

मदरबोर्डला पी-८ आणि पी-९ असे दोन कनेक्टर जातात. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारीशेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसवले की बोर्ड जातो आणि परत येत नाही.

सुरू झाल्यावर 'सीमॉस चेकसम' अशी तक्रार दिसेल, ती बॅटरी काढल्यामुळे. हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे आकडे डिस्कवरच्या लेबलवर असतात. बॅटरी काढण्याआधीच ते लिहून घ्या आणि आता सेटअपमध्ये भरा. या यंत्राला ५०४ एमबीच्या वर दिसत नसेल तर तो दोष नाही, १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर ही जुन्या बायोसची मर्यादा आहे. डिस्कवरचं काही हवं असेल तर आधी तिची प्रतिमा काढा. यूएसबीचं तयार ॲडॉप्टर इतक्या जुन्या डिस्कला बहुधा ओळखत नाही. आयडीई पोर्ट असलेला पेंटियमच्या काळातला बोर्ड आणि त्यावर लिनक्स, हा खात्रीचा मार्ग. रोज चालवायला मात्र कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई ॲडॉप्टर लावा.

मॉनिटर उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि तो बंद केल्यावरही टिकतो.

प्रश्न : वडिलांनी १९९३ च्या सुमारास कीर्तनाची टिपणं संगणकावर मराठीत लिहिली. सव्वापाच इंची पाच फ्लॉपी आहेत, वर पांढरे ठिपके दिसतात. त्यातलं काही वाचता येईल का? (वाचक, पंचवटी)

उत्तर : ते ठिपके बुरशीचे आहेत. तशीच फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते, आणि मग पुढच्या चारही फ्लॉपी खरवडल्या जातात. पाकिटाची वरची कड धारदार पात्याने उघडा, चकती कडेला धरून बाहेर काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने हलकेच पुसा, वाळू द्या आणि जुन्या, चांगल्या पाकिटात घाला. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेडही अल्कोहोलने पुसा. हे काम पावसाळ्यात नको, थंडीच्या कोरड्या हवेत करा.

सव्वापाच इंची यूएसबी ड्राइव्ह तयार मिळत नाही. जुना ड्राइव्ह आणि ग्रीसवीझल नावाचा छोटा बोर्ड लागतो. बोर्डाला ३४ तारांची पट्टी, ड्राइव्हला ५ आणि १२ व्होल्टचा पुरवठा. तो चुंबकीय लहरी जशाच्या तशा टिपतो, त्यामुळे अशक्त सेक्टर नंतर निवांत सोडवता येतात. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, पण तिच्यावर लिहू नका. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं, आणि लिहिलेलं मूळ ड्राइव्हला नीट वाचता येत नाही.

मजकूर हाती आल्यावर खरं कोडं सुरू होतं. १९९३ मध्ये मराठी दोन तऱ्हांनी साठवलं जाई. सीडॅकच्या जिस्ट कार्डावर (पीसीत भारतीय लिप्या आणणारं कार्ड) लिहिलं असेल तर ते इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतपद्धतीत आहे : देवनागरी १६१ ते २५० या अंकांत, आणि अक्षरांचा क्रम उच्चाराप्रमाणे. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडने देवनागरीचा साचा इस्कीवरूनच घेतला, म्हणून रूपांतर स्वच्छ होतं. वर्डस्टार या जुन्या लेखन-सॉफ्टवेअरच्या फाइलींबाबत एक सल्ला हमखास दिला जातो : शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट पुसा. इंग्रजी मजकुराला तो बरोबर आहे. इस्कीत मात्र सगळी देवनागरी त्या आठव्या बिटावरच उभी आहे. पुसलात की वडिलांचं एकही अक्षर उरणार नाही. मूळ प्रतिमेला हात लावू नका, प्रतीवरच प्रयोग करा.

दुसरी तऱ्हा फाँटची : श्री-लिपी, आकृती, डीव्ही-टीटी सुरेख वगैरे. यात आकार साठवलेले असतात, अक्षरं नाहीत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे कन्व्हर्टर नेमका त्याच फाँटचा हवा. पूर्ण फाइल टाकण्याआधी 'विद्यार्थी', 'कार्यालय', 'दुसऱ्या', 'ज्ञानेश्वरी', 'कृष्ण', 'शृंगार' असे शब्द असलेला एक परिच्छेद करून पाहा. 'दुसऱ्या'मधला अर्धा र सगळ्यांत जास्त मोडतो. कीर्तनाच्या टिपणांत ओव्या आणि अभंग असणार, ते छापील गाथेशी ताडून घेता येतात, ही मोठी सोय आहे.

प्रश्न : आमच्या सीएनसी लेथला प्रोग्रॅम फ्लॉपीवरूनच जातात. फ्लॉपी मिळेनात, ड्राइव्हही कुरकुरतो. (लघुउद्योजक, अंबड एमआयडीसी)

उत्तर : आधी कंट्रोलरमधले सगळे पॅरामीटर आणि प्रोग्रॅम बाहेर घ्या. मेमरीची बॅटरी बदलायची असेल तर बहुतेक कंट्रोलरमध्ये ती मशीन चालू असतानाच बदलायची असते. बंद करून बदलली की पॅरामीटर पुसले जातात. मॅन्युअलमध्ये खात्री करा.

ड्राइव्हच्या जागी गोटेक नावाचा एम्युलेटर बसतो, त्यात पेन ड्राइव्ह लागतो. पट्टीची लाल कड पिन १ कडे. उलटी लागली तर दिवा सतत पेटलेला राहतो. ड्राइव्हच्या क्रमांकाचा जम्पर एस-० की एस-१ ते जुन्या ड्राइव्हवर पाहून ठरवा. मूळ फर्मवेअर फक्त पीसीच्या पद्धतीचे संकेत देतं. काही कंट्रोलरना 'रेडी' संकेत लागतो, तिथे फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर टाका. आपली मशीन ७२० केबीची फ्लॉपी मागते की १.४४ ची, हे विकत घेण्याआधी बघा. आरएस-२३२ हा सिरियल पोर्ट असेल तर संगणक थेट जोडणं त्याहून सोपं : वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्हीकडे सारखे ठेवा. पहिला प्रोग्रॅम हवेतच, जॉब न लावता चालवून बघा.

प्रश्न : स्कॅन झाल्यावर अंक रद्दीत द्यावेत का? वाचनालय घेईल का? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : रद्दीत देऊ नका. स्कॅनमध्ये राहिलेलं पान वर्षभराने लक्षात येतं. वाचनालयाला, मग ते १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय असो की एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं, गठ्ठा घेऊन जाऊ नका, यादी घेऊन जा : मासिकाचं नाव, महिना, वर्ष, सीडी आहे की नाही, कोणती पानं फाटली आहेत. सलग वर्षं असतील तर ती वेगळी दाखवा, कारण सुट्या अंकांपेक्षा सलग बारा अंकांना जागा मिळणं सोपं जातं. यादी आम्हाला पाठवलीत तर कोणाकडे कोणता अंक कमी आहे ते याच सदरात छापू.